अक्षराला पळायला लावताना

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातल्या एका मंडळाची मुलं कबड्डी स्पर्धेचा फ्लेक्स करून घ्यायला आली. आकार वीस बाय पाच. मजकूर व्हॉट्सॲपवर आला होता: ‘भव्य खुल्या कबड्डी स्पर्धा’. खाली तारीख, मैदान, बक्षिसं. मुलांची मागणी एकच होती. ‘काका, अक्षर पळतंय असं वाटलं पाहिजे.’ सोबत मोबाईलवर बुटांच्या एका जाहिरातीचा फोटो दाखवला. जाड, एकमेकांना खेटून उभी राहिलेली, पुढे झुकलेली इंग्रजी कॅपिटल अक्षरं.

घाई होती. हाताशी असलेला सगळ्यात जाड फॉन्ट मी घेतला, चारही शब्द एका ओळीत बसावेत म्हणून रुंदी साठ टक्क्यांवर दाबली आणि अक्षरं तिरकी केली. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षर, त्याला काळी आउटलाइन. स्क्रीनवर झकास दिसत होतं. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला आणि मी रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. ‘भव्य’चं ‘मव्य’ झालं होतं. ‘खुल्या’तल्या ‘ख’चा सांधा काळ्या रेघेने खाल्ला होता, त्यामुळे तिथे ‘र’ आणि ‘व’ सुटे उभे होते. ‘स्पर्धा’तला ‘ध’ बघता बघता ‘घ’ होत होता आणि त्यावरचा रफार उजवीकडे सरकून फ्रेमच्या पट्टीखाली गेला होता. चूक माझीच होती. फ्लेक्स मी स्वखर्चाने पुन्हा छापून दिला आणि त्यानंतर या जातीच्या अक्षरांचा नीट अभ्यास केला. डीटीपी करणारे, मंडळाचे फलक सांभाळणारे, शाळेच्या क्रीडामहोत्सवाची पत्रकं काढणारे शिक्षक, यूट्यूबसाठी थंबनेल बनवणारी मुलं, अशा सगळ्यांना उपयोगी पडेल ते इथे सांगतो.

आधी हे अक्षर नेमकं काय आहे ते पाहू. त्यात तीन गुण एकत्र आलेले असतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं असतं. जाडी असते ती लांबून दिसावं म्हणून. अरुंदपणा असतो तो कमी रुंदीत अक्षराची उंची वाढवता यावी म्हणून. आणि कल असतो तो गती दाखवण्यासाठी. शिवाय अक्षराच्या टोकांना शेपट्या किंवा खुंट्या नसतात, सगळ्या रेघा जवळपास एकाच जाडीच्या असतात. तिन्ही गुण एकत्र आले की अक्षर ओरडू लागतं. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो: तुम्हाला खरोखर ओरडायचं आहे का, आणि ओरडायचं असेल तर किती शब्द? आरोळी दोन शब्दांची असते, फार तर तीन. चौथ्या शब्दाला तिचा गोंगाट होतो. आमच्या त्या फ्लेक्सवर ‘कबड्डी’ हा एकच शब्द पळवला असता आणि बाकीचे तीन त्याच्या डोक्यावर सरळ, मध्यम जाडीत बसवले असते, तर मुलांना हवं होतं ते मिळालं असतं.

दुसरा प्रश्न जागेचा. वीस फूट रुंद फलकावर अक्षर दाबायची गरजच काय? अरुंद अक्षर शोभतं ते उभ्या जागेत: विजेच्या खांबावरच्या बॅनरवर, वर्तमानपत्रातल्या एका कॉलमच्या जाहिरातीत, मासिकाच्या मुखपृष्ठावर, मोबाईलच्या उभ्या पडद्यावर. मराठी नाटकांच्या जाहिराती आठवून पाहा. कॉलमची रुंदी बेताची, नाटकाचं नाव मोठं, आणि ते नाव वाचकाच्या डोळ्यांत भरलं पाहिजे. कमल शेडगे यांच्यासारख्या अक्षरकारांनी अशी असंख्य नावं हाताने काढली. जागा अरुंद असली की ते अक्षराची बांधणी बदलायचे, तयार अक्षर चिमटीत धरून दाबायचे नाहीत. सगळा फरक तिथेच आहे.

या शैलीचं मूळ इंग्रजी छपाईत आहे, आणि ते माहीत असलं की देवनागरीत ती का अडखळते हेही कळतं. तिरकं मुद्राक्षर पहिल्यांदा वापरलं ते व्हेनिसच्या आल्डस मनुशियसने. १५०१ साली त्याने व्हर्जिलचं छोटेखानी पुस्तक त्या अक्षरात छापलं. ठसे फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरले होते. त्या अक्षरात लहान लिपी तेवढी तिरकी होती, कॅपिटल अक्षरं सरळच उभी होती. सरळ आणि तिरकं एका ओळीत नांदू शकतं, हे तेव्हापासून ठाऊक आहे. बिनखुंट्यांचं मुद्राक्षर त्यानंतर तीनशे वर्षांनी आलं. १८१६च्या सुमारास लंडनच्या विल्यम कॅस्लन चौथा याच्या नमुनापुस्तकात ते दिसतं, तेही फक्त कॅपिटलांत. पुढे जाहिरातींची भिंतीपत्रकं वाढली आणि अक्षरं जाड व अरुंद होत गेली. १९६५ साली जेफ्री ली यांनी काढलेला ‘इम्पॅक्ट’ तुमच्या संगणकावर आजही असेल. इंटरनेटवरच्या मीमची अक्षरं ती हीच. ‘फ्युचरा’ या फॉन्टच्या जाड तिरक्या वळणात पांढरी अक्षरं लाल पट्टीवर मांडून बार्बरा क्रूगर या अमेरिकन कलाकाराने आपली सगळी ओळख उभी केली.

इंग्रजीतल्या या जाड, अरुंद अक्षरांबाबत एक गोष्ट लक्षात घ्या. ही अक्षरं बहुतेक वेळा कॅपिटलांत लागतात. कॅपिटल अक्षरांची उंची एकसारखी असते, वर काही नाही, खाली काही नाही. त्यामुळे शब्द विटांच्या भिंतीसारखा सपाट उभा राहतो आणि ती भिंत झुकवली की धावू लागते. आपल्याकडे कॅपिटल नाहीत. आपल्या अक्षरावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार बसतात, खाली उकार लोंबतो, आणि सगळा शब्द शिरोरेघेला टांगलेला असतो. म्हणून इंग्रजीतली युक्ती जशीच्या तशी उचलली की फसते.

आता दाबण्याकडे येऊ. हे एकदा डोळ्यांनी पाहाच. कोणताही जाड देवनागरी फॉन्ट घ्या, ‘मकर’ हा शब्द टाईप करा आणि रुंदी साठ टक्के करा. उभ्या रेघा, म्हणजे काने, दहाचे सहा होतात. आडव्या रेघा मात्र तेवढ्याच जाड राहतात. शिरोरेघ लोखंडी गर्डरसारखी आणि तिला लटकलेले पाय काटकुळे, असं चित्र दिसतं. मुळातून अरुंद काढलेल्या अक्षरात नेमकं उलट असतं. तिथे अक्षरकार काना भरदार ठेवतो, शिरोरेघ किंचित बारीक करतो आणि पोटातली पोकळी जपण्यासाठी गोलाईला चौकोनी वळण देतो. हे हाताने एकेका अक्षरावर केलेलं काम असतं. शिशाच्या खिळ्यांच्या काळात जुळाऱ्याला अक्षर दाबायची सोयच नव्हती. अरुंद टाईप हवा तर तो प्रत्येक आकारात नव्याने पाडावा लागे. संगणकाने ही अडचण दूर केली, आणि त्यासोबत ती शिस्तही गेली.

दाबल्याने आणखी एक नुकसान होतं, आणि ते मराठीत फार महागात पडतं. भ, ध, थ, श या अक्षरांच्या डोक्यावर शिरोरेघ तुटलेली असते. ‘भ’ आणि ‘म’ यांतला, ‘ध’ आणि ‘घ’ यांतला फरक बराचसा त्या एवढ्याशा फटीवर उभा आहे. जाडी वाढली की फट आक्रसते. रुंदी साठ टक्के केली की फटही साठ टक्के होते. वर आउटलाइन दिली की उरलीसुरली बुजते. आमच्या ‘भव्य’चं ‘मव्य’ झालं ते असं, पायरीपायरीने.

तिरकं करण्याचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. बहुतेक देवनागरी फॉन्टना स्वतःचा तिरका प्रकार नसतो. तुम्ही वर्डमध्ये ‘आय’चं बटण दाबता तेव्हा संगणक सरळ अक्षरच ढकलून देतो. त्याचे परिणाम ‘ठ’ किंवा ‘ढ’सारख्या गोल अक्षरात स्पष्ट दिसतात. वर्तुळाचा वरचा उजवा आणि खालचा डावा भाग जाड होतो, उरलेले दोन कोपरे बारीक पडतात, आणि अक्षर चेपलेल्या सायकलच्या रिंगसारखं दिसू लागतं. छोट्या आकारात हे लपतं. दोन फुटी अक्षरात लपत नाही.

शिवाय अक्षराचा जो भाग जितका वर, तितका तो उजवीकडे सरकतो. सर्वसाधारणपणे तिरक्या अक्षरांचा कल आठ ते बारा अंशांचा असतो. बारा अंशांच्या कलात एक फूट उंचीमागे वरचं टोक अडीच इंच पुढे जातं. ही उंची उकाराच्या तळापासून रफाराच्या माथ्यापर्यंत मोजायची. ‘स्पर्धा’सारख्या शब्दाच्या शेवटी रफार असेल तर उजवीकडे तेवढी जागा मोकळी सोडावीच लागते. उलट ‘कुस्ती’सारख्या शब्दात सुरुवातीचा उकार डावीकडे बाहेर येतो. म्हणून तिरका शब्द मधोमध बसवताना संगणकाच्या ‘सेंटर’वर विसंबू नका. अक्षरांचं मुख्य अंग, म्हणजे शिरोरेघेपासून पायापर्यंतचा पट्टा, डोळ्यांनी मध्यावर आणा आणि वेलांट्या-उकारांना आपापल्या जागी लोंबू द्या.

कल किती द्यावा? देवनागरीत मी सहा ते आठ अंशांच्या पुढे जात नाही. शिरोरेघ ही आडवी रेघ आहे, आणि अक्षर कितीही ढकललं तरी ती आडवीच राहते. रुळावर उभ्या असलेल्या गाडीचे डबे मागून लोटावेत तसं होतं, काने पुढे झुकतात आणि रूळ जागचा हलत नाही. कल वाढवला की गती वाढत नाही, नुसती ओढाताण वाढते.

यावर एक जुना आणि उत्तम उपाय आहे. तो पेंटर लोकांना चांगला ठाऊक होता. ते अक्षर झुकवण्याऐवजी ओळच चढती लिहायचे. डावीकडून उजवीकडे शिरोरेघ पाच-सहा अंशांनी वर चढते आणि काने सरळ उभे राहतात. हनुमान तालमीच्या कुस्त्यांच्या पाट्या, ट्रकच्या मागची नावं, गावजत्रेचे कापडी फलक यांवर हे वळण तुम्ही पाहिलं असेल. शिरोरेघच चढू लागते तेव्हा सगळा शब्द तिच्यामागे खेचला जातो. देवनागरीत गती दाखवण्याचा माझ्या मते हाच सगळ्यात सच्चा मार्ग आहे. कोरलमध्ये किंवा इलस्ट्रेटरमध्ये स्क्यू करताना आडव्या दिशेऐवजी उभ्या दिशेचा कोन द्या, एवढंच करायचं. तारीख-वेळेची ओळ मात्र सरळ ठेवा, नाहीतर चढत्या शब्दाचं बळ जातं.

फॉन्ट कोणता घ्यावा? विनामूल्य आणि व्यवसायाला मुभा असलेल्या फॉन्टांपैकी तीन नावं मी खात्रीने सांगेन. पहिला ‘टेको’. इंडियन टाइप फाउंड्रीसाठी मानुषी पारिख यांनी तो काढला आणि २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. चौकोनी बांधणीचा, कमी रुंदीचा, मथळ्यांसाठीच बनवलेला. त्याची ओळख करून देताना प्रकाशकांनीच एक सूचना दिली आहे: रेग्युलर, मीडियम आणि सेमीबोल्ड या जाड्या लांब मथळ्यांसाठी, आणि बोल्ड मुख्यतः एक-दोन शब्दांसाठी. अक्षर करणाऱ्यानेच घातलेली ही मर्यादा पाळावी. दुसरा ‘खंड’, त्याच संस्थेचा. तोही आटोपशीर, पण पोकळ्या जरा मोकळ्या. बातमीच्या मथळ्याला मला तो अधिक आवडतो. तिसरं कुटुंब म्हणजे मुंबईच्या एक टाइप या समूहाचं ‘अनेक’, २०२२ सालचं. त्यात जाडी आणि रुंदी दोन्ही सरकपट्टीवर हव्या तेवढ्या करता येतात, आणि तरीही काने आणि शिरोरेघ यांचं प्रमाण बिघडत नाही, कारण अरुंद टोक आणि रुंद टोक दोन्ही अक्षरकारांनी स्वतः काढलेली आहेत. दाबायची सवय सोडायची असेल तर ‘अनेक’पासून सुरुवात करा. सरकपट्टी ओढताना एकीकडे ‘भ’च्या डोक्यावरच्या फटीकडे बघत राहा. ती दिसेनाशी व्हायच्या आधी थांबा.

या तिन्हींपैकी एकाही कुटुंबात तिरका प्रकार नाही. गुजरातीत जॉनी पिनहॉर्न यांनी काढलेला ‘श्रीखंड’ आहे. गुजरातच्या रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला तो भरघोस, मुळातून झुकलेला फॉन्ट आहे. गुजरातीला शिरोरेघ नाही म्हणून तिथे तो इतका लवचीक वळला. तो इथे शोधायला जाऊ नका, पण पाहून ठेवा. मुळातून झुकलेलं अक्षर आणि ढकललेलं अक्षर यांतला फरक त्यात लख्ख दिसतो.

फॉन्ट निवडलात की मराठीची परीक्षा घ्या. अनेक देवनागरी फॉन्ट हिंदी डोळ्यासमोर ठेवून तपासलेले असतात. मी पुढचे शब्द टाईप करून पाहतो: वऱ्हाड, तऱ्हा, ॲथलेटिक्स, महाराष्ट्र, क्रीडाज्ञान, शुद्ध, ब्राह्मण, उत्कृष्ट, झुंज, कळंब. ‘वऱ्हाड’मधला चंद्रकोरीसारखा अर्धा र नीट आला नाही तर तो फॉन्ट लग्नाच्या कामालाही चालणार नाही. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ येतात का बघा. काही फॉन्टांत मराठी रूपं दडलेली असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडल्यावरच ती बाहेर येतात. कोणाला हे क्षुल्लक वाटेल. मला वाटत नाही. ज्या गावात फलक लागणार त्या गावाला आपलं अक्षर आपल्या वळणात वाचायला मिळालं पाहिजे.

मजकूर व्हॉट्सॲपवरून युनिकोडमध्ये येतो आणि बऱ्याच फ्लेक्सवाल्यांकडे काम अजून जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत चालतं. मधल्या रूपांतरात ‘ऱ्ह’ आणि ‘ॲ’ हमखास मोडतात. छापायच्या आधी मूळ मजकूर हातात धरून अक्षर अन् अक्षर ताडून पाहा.

मांडणीतल्या दोन-तीन गोष्टींवर थांबतो, कारण इथे सवयीने चुका होतात. पहिली, अक्षरांमधलं अंतर. इंग्रजीत मथळा दाट किंवा सैल करायला ट्रॅकिंग कमी-जास्त करतात. देवनागरीत ट्रॅकिंग वाढवलं की शिरोरेघ जागोजाग तुटते आणि ‘क ब ड्डी’ असे सुटे तुकडे पडतात. कमी केलं की एका अक्षराचा काना शेजारच्या पोटात घुसतो. जाड, अरुंद अक्षरात ट्रॅकिंगला हात लावू नका, शून्यावर ठेवा. शब्दांमधलं अंतर मात्र जरूर पाहा. या फॉन्टांत ते फार कमी असतं आणि लांबून दोन शिरोरेघा एक होतात. त्याच फॉन्टातल्या ‘र’च्या रुंदीएवढी फट असली की शब्द वेगळे वाचता येतात. माझं माप तेवढंच आहे आणि आजवर ते चुकलेलं नाही.

दुसरी, ओळींमधलं अंतर. इंग्रजी कॅपिटलांच्या ओळी एकमेकींवर चिकटवून ठेवता येतात. आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकींना भिडतात. पण ओळी कुठे तोडायच्या हे आपल्या हातात असतं. वरच्या ओळीत उकार नसलेले शब्द आले, किंवा उकाराखाली नेमकं मात्रा नसलेलं अक्षर आलं, तर ओळी चांगल्या जवळ आणता येतात आणि शब्दांचा एक घट्ट ठोकळा तयार होतो. ‘खुली’ या शब्दाखाली ‘कबड्डी’ बसवून पाहा: ‘खु’चा उकार ‘क’ किंवा ‘ब’वर उतरतो, ‘ड्डी’ची वेलांटी उजवीकडे मोकळी राहते. असं जुळून आलं की मला त्या दिवशीचं काम सार्थकी लागल्यासारखं वाटतं.

तिसरी गोष्ट आउटलाइनची. द्यायचीच असेल तर ती अक्षराच्या मागे द्या, पुढे नको. नेहमीच्या पद्धतीने दिलेली रेघ अर्धी बाहेर आणि अर्धी अक्षराच्या आत पसरते, आणि ‘ख’चे, ‘क्ष’चे, ‘ज्ञ’चे बारीक सांधे गिळते. मागे टाकली तरी फटी बुजण्याचा धोका राहतोच, म्हणून तिची जाडी ‘भ’च्या फटीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त ठेवू नका. सावली, थ्रीडी, चकाकी यांपैकी एकही या अक्षराला लागत नाही. ते आधीच पुरेसं जोरात बोलतं. काळ्या किंवा गडद पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर छापायचं असेल तर एक पायरी जास्त जाडी घ्या. कागदावर शाई पसरते आणि पांढऱ्या रेघा दोन्ही बाजूंनी खाते, म्हणून सांधे निसटतात. वर्तमानपत्राच्या कागदावर तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते.

गाडीवर रेडियम कापून लावणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. देवनागरी फॉन्टांत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेघा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. स्क्रीनवर ते कळत नाही, पण प्लॉटर प्रत्येक अक्षराची कडा स्वतंत्र कापतो आणि शिरोरेघेत उभे छेद पडतात. कापायला देण्याआधी शब्द कर्व्हमध्ये बदला आणि सगळी अक्षरं वेल्ड करा. मग सगळा शब्द एकसंध निघतो, शिरोरेघेच्या आधाराने गाडीवर एका फटक्यात बसतो, आणि इंग्रजी अक्षरांसारखा एकेक तुकडा जुळवत बसावं लागत नाही. ‘ध’ आणि ‘भ’च्या गाठींमधले छोटे ठिपके मात्र काढून टाकणं अवघड जातं, म्हणून जर्सी किंवा हेल्मेटसारख्या लहान कामात ती पोकळी मोठी करून घ्या. नंबर प्लेटवर यातलं काहीही करू नका. तिथे फॅन्सी अक्षर कायद्याने चालत नाही.

पुष्कळदा प्रायोजकाचं नाव इंग्रजीत तिरक्या जाड अक्षरात असतं आणि त्याला जोडून मराठीही तिरकं करायचा आग्रह होतो. माझं मत स्पष्ट आहे: मराठी सरळ ठेवा. दोन्हींचा मेळ कलाने बसत नाही, वजनाने बसतो. इंग्रजीतल्या उभ्या रेघेएवढा मराठीचा काना जाड असला आणि मराठी अक्षराचं अंग इंग्रजी कॅपिटलपेक्षा किंचित कमी उंच ठेवलं, की दोन्ही नावं एका घरातली वाटतात. आल्डसच्या पानावर सरळ कॅपिटलं आणि तिरकी लिपी नांदली, तर तुमच्या फलकावरही नांदतील.

किती मोठं अक्षर हवं याचा पाटीवाल्यांचा ढोबळ हिशोब असा: दहा फुटांमागे एक इंच. शंभर फुटांवरून आरामात वाचायचं तर दहा इंची अक्षर. हा हिशोब सरळ, मोकळ्या इंग्रजी अक्षराचा आहे. देवनागरीत दहा इंच मोजायचे ते फक्त अक्षराच्या अंगाचे, वेलांटी-उकार सोडून. आणि अक्षर जाड, अरुंद, तिरकं असेल तर मी त्यात आणखी निम्म्याची भर घालतो, म्हणजे पंधरा इंच.

या अक्षराला जिथे अजिबात बोलावू नये अशाही जागा आहेत. श्रद्धांजलीचा फलक, दवाखान्यातल्या दिशादर्शक पाट्या, लग्नपत्रिकेतली नावं, शाळेच्या इमारतीवरचं दगडातलं नाव, औषधाच्या सूचना, फोन नंबर. गेल्या काही वर्षांत मी श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर दिवंगत माणसाचं नाव तिरक्या, जाड, चकाकत्या अक्षरात पाहिलं आहे. ते पाहून वाईट वाटतं. गेलेल्या माणसाचं नाव स्थिर असावं.

काम पाठवायच्या आधीची परीक्षा सोपी आहे. मथळा ए-फोर कागदावर छापा, भिंतीला चिकटवा, दहा पावलं मागे जा. स्वतः वाचू नका, तुम्हाला मजकूर पाठ असतो. ज्याला मजकूर माहीत नाही अशा माणसाला बोलवा आणि मोठ्याने वाचायला सांगा. तो अडखळला ते अक्षर दुरुस्त करा, किंवा जाडी एक पायरी कमी करा, किंवा कल काढून टाका, याच क्रमाने. माझ्याकडे ही परीक्षा समोरच्या चहाच्या टपरीवरचे काका घेतात. थंबनेल असेल तर फोन हात लांब करून धरा. जाड अरुंद शब्दाची उंची पडद्यावर पाच मिलिमीटरहून कमी भरत असेल तर एक शब्द काढून टाका, अक्षर लहान करू नका.

ज्यांना याच्या खोलात जायचं आहे त्यांनी बापूराव नाईक यांचे ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हे १९७१ सालचे तीन खंड एखाद्या मोठ्या ग्रंथालयात बसून चाळावेत. देवनागरी अक्षर खिळ्यात बसवताना किती पिढ्यांनी किती विचार केला, हे त्यात पानोपानी दिसतं.

आणि अक्षररचना शिकणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. देवनागरीत मुळातून झुकवलेलं, अरुंद, ठसठशीत अक्षरकुटुंब काढायला घ्या. त्यात शिरोरेघेचं काय करायचं ते तुम्ही ठरवा: ती किंचित चढवा, मध्येच तोडा, टोकांना तिरकी छाटा. ‘भ’ची फट राखा, ‘वऱ्हाड’ नीट लिहा. कबड्डी, कुस्ती, खो-खो, गोविंदा पथकं, शर्यती, नाटकं, एवढं सगळं या भाषेत धावतं, आणि त्याला स्वतःचं धावतं अक्षर हवं आहे. तुम्ही ते केलंत, तर त्यातला पहिला शब्द मी माझ्या टेबलावर ‘कबड्डी’च टाईप करीन.